फाशीने रस्ता सुरक्षित होतो काय?

गोमंतकात थंडी पाहुणीसारखी येते. जत्रांचे दिवस सुरू झाले, दशावतारी काल्यासाठी रात्र जागवावयाची वेळ आली, की खांद्यावर एखादी शाल घ्यावी लागते आणि पहाटे स्कूटरवरून घरी परतताना बोटे थोडी गारठतात. याउपर थंडीचे आमच्यावर काही चालत नाही. त्यामुळे मोटारसायकल चालविताना घालावयाचे, बॅटरीच्या विजेने हात ऊबदार ठेवणारे हातमोजे हा प्रकार आमच्या वाचकांस चैनीचा, किंबहुना थोडासा हास्यास्पद वाटल्यास नवल नाही. आम्हांसही तो तसाच वाटला होता. पण दख्खनच्या पठारावरचा डिसेंबर वेगळा, आणि त्या डिसेंबरात ऐकलेले एक संभाषण आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. आजचे हे चार शब्द त्या संभाषणामुळे लिहीत आहोत.

प्रसंग हैदराबादेतील नारायणगुड्याचा. मराठी माणसाला हा भाग परका वाटू नये. निजामाच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या नावाने १९४० साली स्थापन झालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था तेथेच उभी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू व उर्दू बोलूनही घरात मराठी टिकवून धरणारी कुटुंबे त्या शहरात आजही आहेत. अशाच एका कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. घरातली मुलगी शहराबाहेरच्या एका कचेरीत रात्रपाळीला जाते आणि स्कूटरवरून पहाटे परत येते. वडिलांनी तिच्यासाठी ते हातमोजे आणले होते. बोटांच्या पाठीवरून बारीक तारा नेलेल्या, मनगटापाशी छोटी बॅटरी आणि एक बटण; एकदा चार्ज केली की दोनतीन तासांची ऊब. वडिलांचे म्हणणे असे की, ही चैन नव्हे. वाऱ्याने बधिर झालेल्या बोटांना ब्रेक वेळेवर सापडत नाही, आणि रस्त्यावर क्षणाचा विलंबही जिवावर बेततो. हे म्हणणे आम्हांस पटले.

पण बोलता बोलता वडिलांचा स्वर बदलला. “हातांना ऊब देता येते हो, पण बाकीच्याचे काय?” एवढेच ते म्हणाले, आणि ते कशाविषयी बोलत आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले. शेजारचे एक वयस्क गृहस्थ तत्काळ उत्तरले, “त्या चौघांना गोळ्या घातल्या ते उत्तम झाले. फाशीची वाट कोण पाहत बसणार? असे चारदोन ठिकाणी झाले की पाहा, कोणाची हिंमत होणार नाही.” सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगावयाचे तर क्षणभर आमचीही मान हलली. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “काका, त्या रात्री तिच्या घरच्यांची तक्रार लिहून घ्यायला किती वेळ लागला, ते आठवतंय का तुम्हांला?” काकांना ते आठवत नव्हते. आम्हांसही तेव्हा आठवले नाही. मारलेल्यांचा आकडा सर्वांना तोंडपाठ होता. तक्रारीला लागलेला वेळ कोणाच्याच ध्यानात नव्हता. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म नेमके येथेच आहे.

घडलेले प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री हैदराबादनजीक शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्य स्त्रीच्या स्कूटरची हवा गेलेली होती. मदतीचे निमित्त करून तिला नेण्यात आले, तिच्यावर अत्याचार झाला, तिचा खून झाला आणि देह जाळण्यात आला. घरची माणसे त्या रात्री पोलिसांकडे धावली, तेव्हा हद्द कोणाची या वादात त्यांना एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्याकडे जावे लागले, अशी त्यांची तक्रार होती. त्या दिरंगाईबद्दल पुढे तीन पोलीस निलंबितही झाले. चार संशयित पकडले गेले. आणि ६ डिसेंबरच्या पहाटे, पोलिसांच्या ताब्यात असताना, जेथे देह जाळला गेला त्या चटणपल्लीच्या परिसरातच ते चौघे गोळ्यांना बळी पडले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, मिठाई वाटली. ज्या पोलीस खात्यावर आठ दिवसांपूर्वी देश संतापलेला होता, तेच खाते एका पहाटेत वंदनीय ठरले. निलंबित झालेल्या त्या तिघांविषयी मग कोणी विचारले नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर हे विदर्भातले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक कार्तिकेयन हे सदस्य. २०२२ च्या मे महिन्यात उघड झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकीगत विश्वासार्ह नाही. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या. मारलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालविला जावा. ज्या दिवशी फुले उधळली गेली त्या दिवसाची आठवण समाजाने जपली; हा अहवाल मात्र किती जणांनी वाचला? तो खटला चालला असता तर त्या चौघांपैकी कोण दोषी, कितपत दोषी, कोणाचा वाटा किती, हे सिद्ध झाले असते. आता ते कधीच सिद्ध होणार नाही. मृत स्त्रीलाही आपल्या खुनाचा निकाल न्यायालयात लागलेला मिळाला नाही. गोळीने तिचा न्याय जलद झाला नाही, तो कायमचा बुडाला.

“चकमक वाईट, हे मान्य, पण म्हणूनच कायद्याने झटपट फाशी द्या,” असे कोणी म्हणेल. आमचे मत याच ठिकाणी वेगळे पडते. चकमकीची गोळी आणि फाशीचा दोर यांत कायद्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. एकीमागे न्यायालय नसते, दुसऱ्यामागे असते. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत एकच आहे: एक जीव घेतला की हिशेब पुरा झाला, आणि तो जितक्या लवकर घेतला तितका न्याय मोठा. ही समजूत किती भ्रामक आहे ते पाहावयास नारायणगुड्यापासून फार दूर जावे लागत नाही. त्या परिसराच्या आणखी दोन डिसेंबरांकडे पाहिले तरी पुरे.

पहिला डिसेंबर १९४७ चा. नारायणगुड्याला लागूनच निजामाचा किंग कोठी राजवाडा. ४ डिसेंबर रोजी राजवाड्यातून निघालेल्या मीर उस्मान अली खान यांच्या मोटारीवर आर्य समाजाचे एक तरुण कार्यकर्ते नारायणराव पवार यांनी बॉम्ब फेकला. निजाम बचावले, पवार पकडले गेले, आणि निजामी न्यायालयाने त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावली. ती शिक्षा ‘झटपट’ अमलात आली असती तर? ती तशी आली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात विलीन झाले, आणि १९४९ मध्ये पवार तुरुंगातून सुटले. पुढे साठ वर्षे त्यांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानाने काढली; २०१० साली वृद्धापकाळी ते वारले. काल ज्याला राज्याचा शत्रू म्हणून दोर दाखविला, त्याला आज त्याच शहरात हार घातले गेले. त्याच्या कृत्यात काडीचाही फरक पडला नव्हता. बदलली होती ती सत्ता. आम्ही बॉम्बची भलावण करीत नाही. पण राज्याने घेतलेला जीव राज्य बदलल्यावर परत करता येत नाही, एवढे तरी या डिसेंबराने शिकविले पाहिजे. चापेकर बंधू आणि राजगुरू यांची नावे ज्या समाजाच्या ओठांवर आहेत, त्याला फाशीचा खांब हा केवळ पाप्यांसाठीच उभारलेला असतो असे वाटावे, हे आश्चर्यच नव्हे काय?

दुसरा डिसेंबर १९७५ चा. मुशीराबादचा मध्यवर्ती तुरुंग नारायणगुड्यापासून जवळच होता; आज त्या जागी गांधी रुग्णालय उभे आहे. १ डिसेंबर रोजी त्या तुरुंगात आदिलाबाद जिल्ह्यातील दोन नक्षलवादी शेतकरी, भूमय्या आणि किष्टा गौड, यांना फाशी देण्यात आली. त्यांच्यासाठी दयेची मागणी देशभरातून झाली होती. त्यांच्या मार्गाशी ज्यांचे मुळीच जुळत नव्हते अशांचाही तिच्यात समावेश होता. पण ते आणीबाणीचे दिवस होते. सभा भरवावयाची मोकळीक नव्हती, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. पवारांना काळाने हात दिला, या दोघांना दिला नाही. एका माणसाचे जगणे वा मरणे त्या वर्षी दिल्लीत कोणते वारे वाहत आहे यावर अवलंबून राहावे, याला न्याय म्हणावयाचे की नशीब?

हे राजकीय खटले होते, साध्या गुन्ह्यांत असे होत नाही, असा युक्तिवाद करावयाचा असेल तर वाचकांनी महाराष्ट्राकडे पाहावे. नाशिक जिल्ह्यातील २००३ सालच्या एका दरोडा, खून व बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा मजुरांना देहान्ताची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी ठरविली. म्हणजे देशातील सर्वांत वरच्या न्यायासनाने खात्री दिली होती. मग त्याच न्यायासनाने प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. सोळा वर्षांचा तुरुंगवास पाच लाखांत भरून निघत नाही. पण भरपाई घ्यावयास माणूस तरी जिवंत होता. ‘फास्ट’ न्यायाचा आग्रह तेव्हा धरला गेला असता आणि तो मान्य झाला असता, तर सहा निरपराधांच्या चिता केव्हाच विझल्या असत्या, आणि खरे गुन्हेगार मोकळे फिरत असतानाही आम्ही सारे न्याय झाल्याच्या समाधानात झोपलो असतो.

हा एकच अपवाद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाकडून, फाशी केवळ ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणीच द्यावी असे ठरविले. त्यात गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा लागतो. पुढे याच न्यायालयाने कबूल केले की, आपल्याच काही निकालांत हे सूत्र पाळले गेले नाही. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीने शिक्षा झालेल्या तेरा कैद्यांचे प्राण वाचविण्याची विनंती केली. आणि त्याच पत्रव्यवहारात हेही नमूद केले की, अशाच चुकीतून राजस्थानातील दोन माणसे १९९६ व १९९७ साली फासावर गेलेली आहेत. त्यांच्यासाठी विनंती करावयास मात्र कोणतीही जागा उरलेली नव्हती.

येथे गोमंतकीय वाचकाने स्वतःच्या घरातील एक जुनी गोष्टही आठवावी. पोर्तुगालने १८६७ साली दिवाणी कायद्याखालील गुन्ह्यांसाठी देहान्त रद्द केला आणि १८७० मध्ये तो नियम सागरपार प्रांतांना लागू केला. म्हणजे आमच्या आजापणजांच्या गोव्यात साध्या गुन्ह्याला फाशी नव्हती. ती आली मुक्तीनंतर, भारतीय दंडसंहितेबरोबर. फाशी नसलेल्या त्या गोव्यात खुनांनी थैमान घातले होते, असे कोणी वृद्ध सांगत नाही. पण म्हणून पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. त्याच राजवटीत १९५५ च्या फेब्रुवारीत अस्नोड्याच्या बाळा राया मापारी यांनी पोलीस कोठडीतील छळाने प्राण सोडले, आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. कायद्याच्या पुस्तकात फास नव्हता. कोठडीत मरण होते. यापासून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. फाशीवाचून समाज चालतो, हा एक. आणि फाशी पुसून टाकली पण पोलिसाच्या हातातील जीव सुरक्षित ठेवला नाही तर काहीच साधत नाही, हा दुसरा. ज्या भूमीने कोठडीतल्या मृत्यूला हौतात्म्य म्हणून वंदन केले, तिने चटणपल्लीच्या पहाटेवर फुले उधळणे शोभत नाही.

हा रोग हैदराबादपुरता राहिला नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि फाशीची मागणी झाली. महिनाभराने पोलिसांच्या गाडीतच संशयिताला गोळी लागून तो मेला, आणि पुन्हा मिठाई वाटली गेली. तेथेही तक्रार घेण्यास विलंब झाला होता. तेथेही नंतर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ठपका पोलिसांवर आला. पाच वर्षांत आम्ही काय शिकलो? क्रम तोच, फक्त गावाचे नाव बदलले.

“तुमच्या मुलीवर हा प्रसंग आला असता तर?” हा प्रश्न आम्हांस विचारला जाईल, आणि तो विचारणाऱ्याचा आम्ही अनादर करणार नाही. आला असता तर आम्हीही त्या बापासारखेच रक्त मागितले असते. त्याचा तो क्रोध पवित्र आहे. परंतु न्यायासनावर बापाला बसवीत नाहीत, याचे कारण त्याचे दुःख खोटे असते हे नसून ते अतिशय खरे असते हे आहे. बापाच्या दुःखाला राज्याने द्यावयाचे उत्तर म्हणजे त्याच्या वतीने केलेला सूड नव्हे. गुन्हा घडल्याक्षणी धाव घेणारी यंत्रणा, कसून केलेला तपास, वर्षानुवर्षे न रेंगाळणारा खटला आणि खात्रीची, दीर्घ, न चुकणारी शिक्षा, हे ते उत्तर. गुन्हेगार शिक्षेच्या भीषणतेला तितका भीत नाही जितका ती टळणार नाही या खात्रीला भितो. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानेही २०१५ मध्ये हेच सांगितले: जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असल्याचा पुरावा नाही, आणि दहशतवाद व युद्धविषयक गुन्हे वगळता ती रद्द व्हावी. डॉ. आंबेडकरांनी तर १९४९ मध्येच संविधान सभेत, अहिंसेला मानणाऱ्या देशाने ही शिक्षा पार रद्द करणेच उचित, असे मत मांडले होते. आम्ही याहून एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की, अपवादही नको. कारण अपवादाची व्याख्या नेहमी सत्तेच्याच लेखणीतून उतरते.

दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणातील चौघांना २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. त्या पहाटेनंतर एखाद्या मुलीला रात्रीचा रस्ता अधिक सोपा झाला काय? नारायणगुड्यातली ती मुलगी आजही दररोज पहाटे स्कूटरने परतते. तिला हवे आहे ते अगदी साधे आहे: टोलनाक्यापाशी पेटलेला दिवा, बंद पडलेल्या स्कूटरजवळ थांबून आपुलकीने चौकशी करणारा पोलीस, हद्दीचा वाद न घालता पहिल्या फोनवर तक्रार लिहून घेणारे ठाणे. या गोष्टींना मिरवणूक निघत नाही, त्यांच्यावर कोणी फुले उधळीत नाही. त्यांना पैसा लागतो, माणसे लागतात आणि रोजचा कंटाळवाणा पाठपुरावा लागतो. म्हणूनच कोणत्याही सरकारला त्यांपेक्षा एक गोळी किंवा एक दोर स्वस्त पडतो.

ते हातमोजे आम्ही निघण्यापूर्वी हातात घालून पाहिले. ऊब खरोखर सुखाची होती. पण बॅटरी संपली की बोटे पुन्हा गार पडणारच, हे मुलगी हसत म्हणाली. आणि थंडी बाहेर जशीच्या तशी असते. लोकक्षोभाला फाशीने मिळणारी ऊबही अशीच, दोनतीन तासांची. आमच्या लोकप्रतिनिधींनी ती पुरवीत राहण्याऐवजी रस्त्यावरच्या थंडीचाच बंदोबस्त करावा, आणि पुढच्या वेळी असा प्रसंग घडेल तेव्हा ‘किती जणांना मारले?’ हे विचारण्याआधी ‘तक्रार किती वाजता लिहिली?’ हे आपण सर्वांनी विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.